कॉलेजात शिकत असताना सरकारी कार्यालयात इंटर्नशिप मिळते का, आणि तिच्यातून नोकरी लागते का?

तुम्ही लिहिलंय की अमळनेरला एसवायबीएस्सीला आहात, विषय केमिस्ट्री, घरी कोरडवाहू शेती. शिकता शिकता एखाद्या सरकारी खात्यात इंटर्नशिप मिळेल का, त्यासाठी ओळख लागते का, पुढे नोकरीला तिचा उपयोग होतो का, आणि वडील म्हणतात तसं पदवी झाल्याबरोबर स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासाला पुण्याला जावं का, हे तुम्ही विचारलंय. मी धुळे जिल्ह्यात एका पंचायत समितीत नोकरीला आहे. सरळसेवेने, म्हणजे जाहिरात निघाल्यावर परीक्षा देऊन थेट लागलो. आमच्याकडे प्रशिक्षणाला येणारी मुलं-मुली रोज बघतो, त्यांच्याशी बोलतो. त्यावरून सांगतो.

इंटर्नशिप मिळते. ओळख लागत नाही, कॉलेजचं पत्र लागतं. तिच्यातून नोकरी लागत नाही. तरीही ती कराच, असं माझं ठाम मत आहे. आपल्याकडची पोरं ज्या नोकरीसाठी पाच-सहा वर्षं घालवतात, ती नोकरी दिवसभर असते कशी हे त्यांनी कधी पाहिलेलंच नसतं. ते पदवीच्या आधी बघून घ्यायची संधी इथे फुकट मिळते.

आधी योजनांचा गोंधळ मिटवू. ज्या दोन योजनांची नावं सगळ्यांच्या तोंडी आहेत, त्या शिकत असलेल्यांसाठी नाहीत. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना जुलै 2024 मध्ये आली. वय 18 ते 35, बारावीला महिना 6 हजार, आयटीआय-डिप्लोमाला 8 हजार आणि पदवीधराला 10 हजार विद्यावेतन, असं तिचं स्वरूप. पण शिक्षण चालू असलेला उमेदवार तिच्यात बसत नाही, ही अट शासन निर्णयातच होती. मुदत संपल्यावर आम्हाला कायम करा म्हणून प्रशिक्षणार्थ्यांनी राज्यात ठिकठिकाणी आंदोलनं केली. पोरांचं दुःख खरं होतं, पण कायम करण्याचा शब्द त्या निर्णयात कुठेच नव्हता. दुसरी प्रधानमंत्री इंटर्नशिप योजना. तीही 2024 मधली. ती मोठ्या कंपन्यांमधली आहे, सरकारी कार्यालयातली नाही, आणि नियमित पूर्णवेळ शिक्षण घेणाऱ्याला तीही चालत नाही. नीती आयोगाची इंटर्नशिप विद्यार्थ्यांना मिळते, दुसरं वर्ष संपल्यावर अर्ज करता येतो, पण ती बिनपगारी असते आणि बारावीला 85 टक्के मागतात. तेवढे असतील तर अर्ज करा, जाण्याचं काही नाही.

तुमच्या उपयोगाची वाट वेगळी आहे आणि ती तुमच्या अभ्यासक्रमातच आहे. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे पदवीच्या तिसऱ्या वर्षात ऑन जॉब ट्रेनिंग आलंय. कॉलेजात सगळे त्याला ओजेटी म्हणतात. चार क्रेडिट म्हणजे साधारण 120 तास. बरीच मुलं ते गावातल्या एखाद्या दुकानाचं किंवा झेरॉक्सवाल्याचं सर्टिफिकेट आणून उरकतात. कुठलाही कागद आणला की झालं, असा समज पसरलाय. मला याचं फार वाईट वाटतं. हेच 120 तास सरकारी कार्यालयात भरता येतात, आणि कार्यालयप्रमुखाची हरकत नसेल तर त्यात कुठलीच अडचण नाही.

जायचं कसं, ते सांगतो, कारण मुलं इथेच अडखळतात. एकटं जाऊन "सर, इंटर्नशिप आहे का?" असं विचारू नका. समोरच्या बाबूला तो शब्दच आपल्या टेबलाचा वाटत नाही, तो नाही म्हणून मोकळा होतो. प्राचार्यांच्या सहीचं, कॉलेजच्या लेटरहेडवरचं पत्र न्या. पत्र व्यक्तीच्या नावाने नको, पदनामाने हवं: मा. गटविकास अधिकारी, पंचायत समिती अमुक. आत तुमचं नाव, वर्ग, विषय, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, एकूण किती तास, आणि एक वाक्य फार महत्त्वाचं: या प्रशिक्षणापोटी कोणतंही मानधन किंवा पुढे नोकरीचा हक्क मागितला जाणार नाही. हे वाक्य दिसलं की साहेबांची अर्धी काळजी जाते. पत्राच्या दोन प्रती काढा. एक आवक टेबलाला, म्हणजे बाहेरून आलेले कागद घेतात तिथे द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घ्या. ही पोच जपून ठेवा. आठ दिवसांनी विचारायला जाल तेव्हा "माझ्या पत्राचं काय झालं" म्हणू नका, आवक नंबर सांगा. कोणत्या टेबलावर कागद थांबलाय ते लगेच कळतं. दिवाळीनंतर लगेच पत्र टाकलेलं बरं. फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्च एंडची घाई असते, तेव्हा तुम्हाला शिकवायला कोणी रिकामं नसतं. आचारसंहिता लागली की अर्धं कार्यालय निवडणुकीच्या कामावर असतं.

आमच्याकडे एम. ए. करणारी एक मुलगी ओजेटीला आली होती. आम्ही तिला घरकुल शाखेत बसवलं. प्रधानमंत्री आवास योजनेत घरकुलाचे 1 लाख 20 हजार एकदम मिळत नाहीत, हप्त्याने मिळतात. बांधकाम जसजसं वर येतं, तसा प्रत्येक टप्प्याचा फोटो मोबाइल अ‍ॅपमधून त्या जागेवरूनच काढावा लागतो, आणि तो मंजूर झाल्याशिवाय पुढचा हप्ता पडत नाही. एक आजी खिडकीशी आल्या, म्हणाल्या, "बाई, मना हप्ता कव्हय यी?" म्हणजे माझा हप्ता कधी येईल? त्या मुलीने त्यांच्याशी अहिराणीतच बोलून पासबुक मागितलं, आधार क्रमांक तपासला. अडचण एवढीच होती की आजींचं बँक खातं आधारला जोडलेलं नव्हतं. फोटो झालेला, मंजुरी झालेली, पैसे मात्र जायला जागा नाही. तिने एका चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून दिलं: बँकेत जाऊन काय सांगायचं, कोणता फॉर्म मागायचा. आजी गेल्यावर ती मला म्हणाली, "सर, हे काम मला आवडतंय." तिच्याच बरोबर आलेला एक मुलगा शेवटी म्हणाला की दिवसभर टेबलावर बसून टिपणी लिहिणं आपल्याला जमणार नाही, आपण बी. एड. करतो. मला दोघांचंही समाधान वाटलं. त्या मुलाचा निर्णय तिशीत गेल्यावर झाला असता तर फार महागात पडला असता.

तुमचा विषय केमिस्ट्री आहे म्हणून पंचायत समितीच्या आधी प्रयोगशाळा बघा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेत पिण्याच्या पाण्याचे नमुने तपासले जातात: नायट्रेट, फ्लोराइड, कठीणपणा, क्षारता. टायट्रेशन तुम्ही कॉलेजात करताच, तिथे तेच एखाद्या गावाच्या विहिरीच्या पाण्यावर होतं आणि निकाल त्या ग्रामपंचायतीला जातो. कृषी विभागाची मृद चाचणी प्रयोगशाळा आहे. जळगावला राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं केळी संशोधन केंद्र आहे. या सगळ्यांना पत्र टाकून बघा. कोणी नाही म्हणालं तर वाईट वाटून घेऊ नका, पुढच्याकडे जा. एकाच वेळी तीन-चार ठिकाणी पत्र देण्यात काहीच गैर नाही. आणि "पैसे द्या, अमुक खात्यात इंटर्नशिप लावून देतो, पुढे कायम होईल" असं म्हणणारा कोणी भेटला तर तिथूनच परत फिरा. अशा पैशाने मिळणारं काहीच खरं नसतं.

नोकरीला उपयोग किती? सरळसेवेत या 120 तासांना गुण नाहीत. तिथे जाहिरात, परीक्षा, गुणवत्ता यादी, कागदपत्रं, एवढंच चालतं. एका ठिकाणी मात्र अनुभवाला किंमत आहे. मुख्यमंत्री फेलोशिपच्या 2025-26 च्या निवडीत वय 21 ते 26, पदवीला किमान 60 टक्के आणि एक वर्षाचा अनुभव मागितला होता, आणि त्या अनुभवात पूर्णवेळ इंटर्नशिप, अप्रेंटिसशिप धरली जात होती. जागा 60, प्रवासखर्च धरून महिना साडेएकसष्ट हजार. तुमचे टक्के टिकवून ठेवा, हे सांगण्याचं एक कारण हेही आहे.

पदवी हातात नसताना देता येणाऱ्या परीक्षा आजही आहेत. पोलीस भरती बारावीवर होते: आधी 50 गुणांचं मैदान, मग 100 गुणांचा पेपर. केंद्राच्या स्टाफ सिलेक्शन कमिशनची सीएचएसएल, म्हणजे क्लार्क वगैरे पदांची परीक्षा, बारावीवर आहे, रेल्वेच्या एनटीपीसीतली काही पदंही. डाक सेवकाची निवड दहावीच्या गुणांवर होते, परीक्षाच नसते. ग्राम महसूल अधिकारी, म्हणजे आपला तलाठी, त्याला मात्र पदवी लागते. भुसावळच्या रेल्वे शेड किंवा वर्कशॉपची अप्रेंटिसशिप आणि वरणगावची ऑर्डनन्स फॅक्टरी यांच्याबद्दल सगळेच विचारतात. तिथल्या ट्रेड अप्रेंटिसच्या बहुतेक जागा आयटीआयवाल्यांच्या असतात. तुमचा धाकटा भाऊ आयटीआयला जाणार असेल तर त्याला जरूर सांगा, कारण रेल्वेच्या लेव्हल 1, म्हणजे पूर्वीच्या ग्रुप डी भरतीत अप्रेंटिसशिप पूर्ण केलेल्यांना 20 टक्के जागा राखीव असतात.

आता कागदपत्रं. इथे जरा थांबून वाचा. परीक्षेत पास झालेली पोरं कागदपत्र पडताळणीच्या टेबलावर बाद होताना बघितली की जीव तुटतो. तुम्ही राखीव प्रवर्गातले असाल तर जात वैधता प्रमाणपत्र आत्ताच काढून घ्या. कॉलेजात आहात तोवर प्राचार्यांच्या पत्राने शैक्षणिक कारणासाठी पडताळणी समितीकडे अर्ज करता येतो. शिक्षण सुटलं की ते कारणच उरत नाही. पुरावा ठरावीक तारखेच्या आधीचा लागतो: अनुसूचित जातीला 10 ऑगस्ट 1950, अनुसूचित जमातीला 6 सप्टेंबर 1950, विमुक्त-भटक्यांना 21 नोव्हेंबर 1961, इतर मागासवर्गाला 13 ऑक्टोबर 1967. म्हणजे आजोबांच्या शाळेचा दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा, किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षातली जन्म-मृत्यूची जुनी नोंद. आपल्याकडे शाळा बंद झालेल्या, रजिस्टरं वाळवीने खाल्लेली, नावापुढे जात वेगळ्या पद्धतीने लिहिलेली. त्यामुळे शोधायला वेळ जातो, आणि घरातली म्हातारी माणसं हयात आहेत तोवरच कोणत्या गावी, कोणत्या शाळेत, हे कळतं. नॉन-क्रिमिलेअर दरवेळी तारीख बघून घ्या. त्याची मुदत 31 मार्चला संपते, आणि जाहिरातीत मागितलेल्या वर्षाचंच लागतं. आधार, दहावीची मार्कशीट आणि बँक खातं, तिन्हीवर नाव अक्षरशः एकसारखं करून घ्या. डोमिसाईल आणि एमएससीआयटी राहिली असेल तर याच सुट्टीत.

राहिलं पुण्याचं. राज्य सरकारच्या बहुतेक पदांना खुल्या प्रवर्गाला 38 आणि मागासवर्गीयांना 43 पर्यंत वय चालतं. ही सवलत चांगल्या हेतूने दिलेली आहे, पण तिच्यामुळेच "अजून एक जाहिरात बघू" म्हणत वर्षं निघून जातात, आणि तोवर घरच्या कापसाच्या विक्रीचा पैसा पुण्यातल्या पेठेतल्या खोलीभाड्यात जातो. वडिलांना सांगा की पदवीनंतर पहिलं वर्ष अमळनेर किंवा जळगावच्या अभ्यासिकेतच काढते किंवा काढतो. सरळसेवेच्या परीक्षेचा अभ्यास इथे बसून होतो, मी इथेच केला. राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे, तिथे उत्तरं तपासून देणारं माणूस लागतं. पूर्वपरीक्षा एकदा निघाली की मग मुख्य परीक्षेपुरतं पुण्याला जा, आणि किती महिन्यांसाठी, किती पैशात, हे घरात सगळ्यांसमोर ठरवून जा.