मीटर इंजिनाकडे वळवण्याआधी

अरे, सायलेन्सर किंवा इंजिनवरचं कव्हर किती आवाज खातं, हे मोजायला लगेच धावू नकोस. आधी आवाज मोजायच्या मीटरला कॅलिब्रेटर, म्हणजे ठरावीक आवाज काढणारं तपासणी-यंत्र, लाव. 1000 हर्ट्झला 94 डेसिबल दिसले पाहिजेत. मग इंजिन बंद ठेवून शेडचा आवाज घे. सायलेन्सर किंवा कव्हर, जो भाग तपासायचा तो लावल्यावर येणाऱ्या आकड्यापेक्षा तो निदान 10 डेसिबलने कमी हवा. पिथमपूरच्या उन्हाळ्यात कूलर बंद करणं जिवावर येतं, पण करच. त्याच्या घरघरीपायी माझी अख्खी दुपार वाया गेली होती.

इंजिन नीट तापलं की भाग लावून एकदा, काढून एकदा मोज. वजाबाकी आली ती त्या भागाची कमाई. मात्र आरपीएम, लोड आणि माइकची जागा तीच हवी. मी फरशीवर खडूने फुलीच मारून ठेवतो. एक्झॉस्टला माइक नळीच्या टोकापासून अर्धा मीटर, नळीच्या रेषेशी 45 अंशांत ठेव, धुराच्या झोतात नको.

एकट्या डीबी-ए आकड्यावर, म्हणजे माणसाच्या कानाप्रमाणे वजन देऊन काढलेल्या डेसिबलवर, विसंबू नकोस. त्यात खालच्या सुरांचं वजन कमी धरतात, म्हणून 100 हर्ट्झची घुमघुम तशीच राहिली तरी आकडा देखणा दिसतो. एक-तृतीयांश ऑक्टेव्हचा आलेख, म्हणजे सुरांच्या बारीक पट्ट्यांत कुठे किती आवाज आहे ते दाखवणारा, काढ आणि त्यातला उंचवटा कुठे आहे ते बघ.