बेदाण्याच्या वेबसाइटवर राखाडी चौकट कुठनं आली?

प्रश्न : नमस्कार. मामांच्या बेदाण्याच्या धंद्यासाठी साधी वेबसाइट करतोय, जिंजा टेम्प्लेट (पानाचा साचा) आणि पायथॉन-मार्कडाऊन (स्टार-हॅशच्या खुणांनी लिहिलेल्या मार्कडाऊन मजकुराचं एचटीएमएल करणारं) वापरून. मजकूर टेम्प्लेटमध्येच, मी लिहिलेल्या मार्कडाऊन फिल्टरच्या ब्लॉकमध्ये टाकलाय. पहिला पॅरा झकास दिसतो पण त्याखालचं सगळं राखाडी चौकटीत, टाइपरायटरसारख्या अक्षरात, स्टार न् हॅश जसेच्या तसे. डीडेंट (ओळींची डावीकडची जागा कापणारं पायथॉनचं फंक्शन) लावून बघितलं, ढिम्म फरक नाही. टेम्प्लेटमध्ये टाकायच्या आधीच्या मूळ फाइलीतला मजकूर ऑनलाइन प्रिव्ह्यूमध्ये टाकला की मात्र एकदम ओके. आणि बेदाण्याखाली हिरवा, पिवळा, काळा अशी पोटयादी केलीय तीपण सपाट येते.
– एक वाचक, तासगाव, जि. सांगली

उत्तर : मजकुरात काही खोट नाही, डावीकडची रिकामी जागा नडतेय. २००४ साली जॉन ग्रुबरनं मार्कडाऊन काढलं तेव्हापासूनचा नियम आहे, रिकाम्या ओळीनंतर ४ स्पेस किंवा एक टॅब देऊन सुरू झालेली ओळ म्हणजे कोड. आता तुमचा टेम्प्लेट बघा, मेन टॅगमध्ये डिव (एचटीएमएलचा कप्पा), त्यात अजून एक डिव, आणि फाइल नीटनेटकी दिसावी म्हणून आतला मजकूर ८ स्पेस आत सरकवलेला असणार. एचटीएमएलला त्याचं काही देणंघेणं नाही, पण जिंजा त्या स्पेस काढत नाही, तशाच मार्कडाऊनच्या हातात देतो, आणि तो बिचारा नियमानं चालून सगळं कोड समजतो.

मग पहिला पॅरा कसा वाचला? तो तुम्ही फिल्टरच्या टॅगला चिकटूनच सुरू केला असणार, म्हणजे त्याच्या आधी स्पेसच नाही, आणि त्याच पॅऱ्याच्या पुढच्या ओळी आत सरकलेल्या असल्या तरी मध्ये रिकामी ओळ नसल्यामुळं त्या पॅऱ्यातच धरल्या जातात. डीडेंट फसलं तेपण ह्याच कारणानं की हो, पायथॉनच्या टेक्स्टरॅप मॉड्यूलमधलं डीडेंट सगळ्या ओळींना सारखी असलेली जागाच कापतं, पहिल्या ओळीला शून्य म्हटल्यावर कापायचं काय! टॅब आणि स्पेसची भेसळ असली तरी तेच होतं, दोन्ही त्याला वेगळे वाटतात.

खात्री करायची तर मार्कडाऊनला देण्याच्या आदल्या ओळीत मजकूर रेप्र (न दिसणारी अक्षरंही दाखवणारं फंक्शन) करून प्रिंट करा, स्पेस किती, टॅब कुठं, सगळं उघडं पडतं.

तात्पुरतं करायचं तर डीडेंटऐवजी इन्स्पेक्ट मॉड्यूलमधलं क्लीनडॉक वापरा, ते पहिली ओळ बाजूला ठेवून बाकीच्यांची सामाईक जागा काढतं, टॅबचेही स्पेस करून टाकतं. प्रत्येक ओळीला एलस्ट्रिप (डावीकडच्या सगळ्या स्पेस उडवणारं) मारायचा मोह होईल, तो आवरा, पोटयाद्यांची पार वाट लागते.

पण खरं सांगू का, टेम्प्लेटमध्ये मजकूर ठेवूच नका. वेगळ्या एमडी (मार्कडाऊनच्या) फाइलीत ठेवा, पायथॉनमध्येच एचटीएमएल करा, आणि तयार माल टेम्प्लेटला द्या. उद्या मामा म्हणाले दोन ओळी बदल, तर डिव मोजत बसायला नको. ऑटोएस्केप (टॅगना साधी अक्षरं करून टाकणारी जिंजाची सोय) चालू असेल तर तिथं ती थांबवणारा सेफ फिल्टर लागेल, नाहीतर पानावर टॅगच दिसतील, मात्र मजकूर घरचा असेल तरच सेफ लावायचं, गिऱ्हाइकानं फॉर्ममध्ये भरलेल्याला अजिबात नाही. आणि तयार एचटीएमएलला जिंजाचा ओळी आत सरकवणारा इंडेंट फिल्टर लावून नटवू नका, प्री टॅगच्या (कोडच्या चौकटीच्या) आतल्या ओळी पहिली सोडून सगळ्या उजवीकडं सरकतात.

पोटयादीचं दुखणं वेगळं. प्रिव्ह्यूवाली बरीच टूल्स कॉमनमार्क (मार्कडाऊनचे प्रमाणित नियम) पाळतात, तिथं डॅशखाली २ स्पेस पुरतात. पायथॉन-मार्कडाऊनला पूर्ण ४ लागतात, तेवढे द्या की हिरवा-पिवळा-काळा बरोबर बेदाण्याखाली येतील. त्याची टॅब-लेंग्थ (किती स्पेसची एक पायरी) सेटिंग २ वर आणूनही यादी जमते, पण मग कोडचा नियमही २ स्पेसवर येतो, आणि ती राखाडी चौकट आणखी लवकर उगवायला लागते.