१९६३ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडींवर गोळ्या कुठून झाडल्या, यावर साक्षीदारांचं एकमत का नव्हतं?
खोटेपणापेक्षा आवाजाने घोळ घातला. मारेकरी ऑस्वाल्डच्या कार्कानो रायफलची गोळी आवाजाच्या जवळपास दुप्पट वेगाने जाते. त्यामुळे वाटेतल्या माणसाला आधी गोळीचाच ‘कडाड’ ऐकू येतो, नळीचा बार नंतर पोचतो. वर डीली प्लाझा या डॅलस शहरातल्या चौकात, म्हणजे घटनास्थळी, इमारतींचे प्रतिध्वनी! अमेरिकी प्रतिनिधीगृहाच्या समितीने १९७९ मध्ये १७८ साक्षी मोजल्या. त्यात दिशेबद्दल असं निघालं:
- पुस्तक-गोदामाची इमारत (ऑस्वाल्ड इथे होता): ४९
- गवताळ टेकाड (केनेडींच्या गाडीच्या पुढे, उजवीकडे): २१
- भलतीकडेच: ३०
- सांगता येत नाही: ७८

संख्येबाबत मात्र १३२ जण ‘तीनच बार’ म्हणाले. अर्थात, बऱ्याच जबान्या बातम्या कानावर पडल्यानंतरच्या आहेत, त्यामुळे हे एकमतही जपूनच घ्यावं.