आधी शिवारफेरी, मग व्याख्यान

सदाशिव पेठ, पुणे

चि. पोरी, अनेक आशीर्वाद.

गावात इतिहास मंडळ काढायचं ठरवलंस, दहा-बारा जण गोळा झालेत आणि ग्रामपंचायतीचा हॉलही मिळतोय, हे वाचून बरं वाटलं. पहिल्या कार्यक्रमाला नावाजलेला वक्ता हवा म्हणून तू माझ्याकडे फोन नंबर मागितलेस. ते मी एवढ्यात देणार नाही.

मोठा वक्ता आला की काय होतं ते सांगतो. स्वागत, दीपप्रज्वलन, सरपंच, माजी सरपंच, होऊ घातलेले सरपंच, प्रत्येकाला शाल-श्रीफळ. यातच पाऊण तास जातो. मग वक्ता अफजलखान वधापासून राज्याभिषेकापर्यंत बोलतो, आणि बोलतोही झकास. टाळ्या पडतात. तुझ्या गावाबद्दल मात्र एकच वाक्य येतं, 'या गावाला फार मोठा इतिहास आहे.' कोणता, ते सांगायच्या आत आभारप्रदर्शन सुरू होतं. पुढच्या महिन्यात त्याहून मोठा वक्ता कुठून आणायचा? तो मिळत नाही, आणि मंडळ तिसऱ्या महिन्यात बसतं. पुण्याच्या आजूबाजूला अशी मंडळं मी बरीच पाहिली.

तेव्हा सुरुवात चालण्यानं कर. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून गावच्या नकाशाची नक्कल काढून घे. सर्व्हे नंबरांची ही पद्धत मुंबई इलाख्यात पहिल्यांदा बसवली गेली ती आपल्याच जिल्ह्यात, इंदापूर तालुक्यात, 1836 साली, हे फेरीच्या सुरुवातीला सांग. शेतकऱ्याला सर्व्हे नंबर म्हटला की कान टवकारावेच लागतात. मग तो नकाशा हातात धरून वेशीपासून शिवेपर्यंत चाला. प्रत्येक वावराचं बोलीतलं नाव विचारा आणि नकाशावर पेन्सिलीनं लिहा. सातबाऱ्यावर नुसता गट नंबर असतो, पण माणसांच्या तोंडी गुरवकी असते, जोशीकी असते, महार वतनाचा हाडकी-हाडवळा असतो. कोणाकडे कसलं वतन होतं, गावकीचं कोणतं काम कोणाच्या वाट्याला होतं, हे या नावांत शिल्लक राहिलेलं असतं. 2017 साली अकरा आणि 2021 मध्ये तेवीस गावं पुणे महापालिकेत गेली. तुझं गाव अजून हद्दीबाहेर आहे, पण सोसायट्यांच्या पाट्या लागायला लागल्यात. एकदा प्लॉटिंग झालं की ही नावं पहिल्या झटक्यात जातात.

फेरीला बौद्धवाड्यातलं एखादं म्हातारं माणूस आवर्जून घे, आणि मागे नाही, पुढे चालव. गावची शीव दाखवणं हे महारांचं काम होतं, दोन गावांत शिवेचा तंटा लागला की त्यांच्या साक्षीला वजन असे. 1958 च्या कायद्यानं ती वतनं संपली, तरी घरातल्या जुन्या माणसांनी दाखवलेल्या खुणा कुणाकुणाला अजून ठाऊक असतात. गावचा इतिहास म्हणजे पाटलाचा वाडा आणि देशमुखांची गढी, एवढ्यावर तुझं मंडळ थांबलं तर निम्मं गाव तुमच्या हॉलकडे फिरकणार नाही. आणि ते बरोबरच ठरेल.

जुन्या गावठाणाच्या कडेला पांढरीचं टेकाड, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीचा उंचवटा, असलं तर तिथे पावसाळ्यानंतर जा. धुपलेल्या मातीतून खापरं वर आलेली दिसतील. फोटो काढा, जागा टिपा, पण उकरू नका. घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी 1968 पासून वर्षानुवर्षं थराथरानं उत्खनन करून तीन हजार वर्षांहून जुनी शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आणली. जळके दाणे, चुली, घरांच्या जमिनी, मडक्यांत पुरलेली लहान मुलं, असं सगळं त्यातून हाती आलं. हौशी फावड्यानं यातलं काहीच हाती लागत नाही, उलट थर कालवले जातात. तुझी पोरं उत्साही आहेत म्हणून बजावतोय.

आता तुझ्या पत्रातल्या मारुतीमागच्या दगडांबद्दल. फोटो नीट आला नाहीये, पण चारातले तीन वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मारकदगड, आणि एक सतीशिळा असावी. कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात उभा कोरलाय ना, ती सतीशिळा. वीरगळ खालून वर वाचायचा. सगळ्यांत खाली लढाई किंवा पडलेला वीर, त्यावर अप्सरा त्याला स्वर्गात नेतायत, त्याच्या वर तो शिवलिंगाची पूजा करतोय, माथ्याला कलश आणि बाजूला चंद्र-सूर्य. खालच्या चौकटीत गुरं कोरलेली असतील तर गुरं वळवायला आलेल्यांशी लढताना तो पडला असं समजायचं. हे बघायला दुपारी जाऊ नकोस, डोक्यावरच्या उन्हात कोरीवकाम सपाट दिसतं. सकाळी लवकर जा, किंवा सरळ रात्री टॉर्च घेऊन जा आणि उजेड बाजूनं, दगडाला घासून जाईल असा पाड. झिजलेल्या चौकटीतली तलवार, घोड्याचा लगाम, गाईचं शिंग एकदम उठून येतं. पोरांना हे एकदा दाखव, पुढच्या फेरीला ती न बोलावता येतील. पीठ, खडू, तेल, रंग यातलं काहीही दगडाला लागता कामा नये. शेंदूर फासलेला असेल तर तो खरवडायचा नाही. ज्यांचा तो म्हसोबा आहे त्यांचा तो आज देव आहे, त्यांना विचारल्याशिवाय हातही लावू नका.

या दगडांवर बहुधा नाव नसतं. त्यामुळे 'हा आमच्याच घराण्यातला सरदार' असं कुणी म्हणालं तर वाद घालू नकोस, पण फलकही लावू देऊ नकोस. आपल्याकडचे बरेचसे वीरगळ यादवकाळाच्या आसपासचे आहेत, शिवकाळाच्या कितीतरी आधीचे. रस्ता रुंदीकरणात जेसीबी येण्याआधी त्यांची मूळ जागा मोजून, फोटो काढून ठेवा, आणि हलवायचेच झाले तर ग्रामसभेचा ठराव करून, राज्याच्या पुरातत्त्व विभागाला कळवूनच. शंभर वर्षांवरचं शिल्प कायद्यानं पुरावशेष असतं, 'आपल्या गावचंच आहे' म्हणून कुणाच्या फार्महाउसच्या बागेत जाऊन चालत नाही.

दुसरा प्रश्न तुला हमखास येणार, 'महाराज आपल्या गावात मुक्कामाला होते का?' यावर हो किंवा नाही काहीही बोलायची घाई नको. 'असं सांगतात' आणि 'असा कागद आहे' ही दोन खाती वहीत वेगळी ठेव. सांगीव गोष्ट टाकून द्यायची नसते. तुळापूरची हत्ती तोलल्याची गोष्ट घे. हत्ती नावेत उभा केला, नाव जिथवर बुडाली तिथे खूण केली, मग तेवढे दगड भरून ते तोलले, आणि ही युक्ती शहाजीराजांची. गावोगाव ती अशी सांगतात, आणि पुढच्या पिढ्यांनी ती का जपली हाही इतिहासच आहे. फक्त ती सांगताना सूर 'सांगतात' असा हवा. तसंच, काळ्या दगडाचं प्रत्येक देऊळ हेमाडपंती नसतं आणि प्रत्येक लेणं पांडवांनी एका रात्रीत खोदलेलं नसतं. यावर हसू नकोस मात्र, म्हातारी माणसं दुखावली की पुढचं सांगत नाहीत.

कागदांचं बघ. गावात दोन-तीन घरांत तरी माळ्यावर मोडी कागदांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, असतील. लोक ते दाखवायला बिचकतात, कारण जमिनीची भांडणं. म्हणून कागद बाहेर न्यायचा शब्दच काढू नकोस. त्यांच्याच ओट्यावर बसून मोबाइलनं फोटो काढ, कागद त्यांच्याच हातात परत दे, आणि वाचन झालं की लिप्यंतराची एक प्रत त्यांना पोचव. कुणबी नोंदींच्या शोधापासून मोडी वाचणाऱ्याला गावात मान आलाय, त्याचा फायदा घे. मंडळातल्या दोघांनी तरी मोडी शिकावी, नेटानं बसलं तर अक्षरओळख लवकर होते. अडतं ते तारखेपाशी. 'खमस अशर मया व अलफ' असं दिसलं की घाबरायचं नाही. खमस पाच, अशर दहा, मया शंभर, अलफ हजार, म्हणजे शुहूर सन (जुन्या कागदांतली अरबी आकड्यांची कालगणना) 1115. त्यात 599 मिळव, 1714 येतं. शुहूर वर्ष मृगाला बदलतं, म्हणून जानेवारी ते मे यांतला कागद असेल तर 600 मिळवायचे. एका संध्याकाळी हे फळ्यावर करून दाखव. आकडेमोड आली की पोरं सरसावतात.

आणि हो, व्याख्यानं. ती गावातल्याच माणसांची ठेव, प्रत्येकी वीस मिनिटं. वाड्याचं लाकूडकाम कसं जोडलंय ते सुतारानं सांगावं, मोट कशी चालायची ते ज्यानं हाकली त्यानं. म्हाताऱ्यांना 'इतिहास सांगा' म्हटलं की ते शाळेतलं सांगायला लागतात. त्यांना वस्तू विचार. पहिली एसटी गावात आली तेव्हा ती कुठे थांबायची? (राज्यात ती पहिल्यांदा 1 जून 1948 ला धावली, पुण्याहून नगरला.) बहात्तरच्या दुष्काळात कोणत्या तलावावर खडी फोडली, सुकडी कोण वाटायचं, मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची, भाकरी लागायची कशी? मिलो म्हटलं की सत्तरीतला माणूस तोंड वाकडं करतो आणि अर्धा तास बोलतो. साल आठवत नसेल तर खुंटीला बांधायचं. पानशेत फुटलं त्याच्या आधी की नंतर? ते 12 जुलै 1961. कोयनेच्या भूकंपाला लग्न झालं होतं का? तो 11 डिसेंबर 1967. अशा दोन-तीन खुंट्या लागल्या की साल बरोबर सापडतं.

काही विषय मात्र पहिल्या वर्षी उघडू नकोस. गांधीजींच्या खुनानंतरची अठ्ठेचाळीसची जाळपोळ, पाणवठ्यावरची भांडणं, कुणाची जमीन कुणी कशी लिहून घेतली. टाळायचे म्हणून नाही. लोकांचा विश्वास बसल्यावर ते स्वतःहून बोलतात, तेव्हा शांतपणे लिहून घ्यायचं. सुप्याला 12 मे 1875 रोजी शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली, त्यावर एक संध्याकाळ ठेवायला हरकत नाही. कर्ज आणि कागद हा विषय निघाला की आपल्या गावच्या गोष्टी आपसूक बाहेर येतात.

संध्याकाळी सातला देवळात कार्यक्रम ठेवलास तर बायका येणार नाहीत, स्वयंपाकाची वेळ असते. बचत गटाची बैठक दुपारी असते, तिला जोडून बस. जात्यावरच्या ओव्या विचार. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ यांनी मुळशीपासून सुरुवात करून लाखाच्या वर ओव्या जमवल्या. त्या म्हणणाऱ्या बायका शाळेत गेलेल्या नव्हत्या, पण माहेर, सासर, पाऊसपाणी, आंबेडकर, सगळं त्यांत आहे. म्हणायला लावताना समोर खरंच जातं ठेव. हाताला खुंटा लागला की ओवी आठवते, खुर्चीवर बसून आठवत नाही.

सहलींचं थोडक्यात. वर्षात तीन पुरेत, आणि प्रत्येक सहल गावात पाहिलेल्या गोष्टीशी जोडलेली हवी. वीरगळ पाहिले असतील तर भुलेश्वरला जा, श्रावण आणि महाशिवरात्र सोडून. कागद वाचायला लागलात की पुण्यात या. पुराभिलेखागारात पेशवे दफ्तर आहे, आणि 1910 साली इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी स्थापन केलेलं भारत इतिहास संशोधक मंडळ इथे माझ्या घराजवळच आहे. आधी पत्र पाठवून परवानगी घे, पंचवीस जणांचा घोळका अचानक दारात उभा करू नकोस. जुन्नरला गेलात तर शिवनेरीवरच दिवस घालवू नका, नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आणि वर तोंडाशी दगडी रांजण आहे, जकातीचा म्हणून सांगतात तो. उन्हाळ्यात उजनीचं पाणी बरंच ओसरलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं. तिथे जायचं तर धरणात घरदार गेलेल्या एखाद्या कुटुंबाला आधी गाठ आणि त्यांच्यातल्याच कुणाला तरी बरोबर ने. देवळाचा फोटो कुणीही काढतं. वेस कुठे होती, बाजार कुठे भरायचा, हे त्या चिखलात उभं राहून तेच दाखवू शकतात.

लग्नसराई, जत्रा, हरिनाम सप्ताह आणि पेरणी यांत कार्यक्रम ठेवू नकोस. सत्कार बंद. वर्गणी घ्यायचीच तर शंभर रुपये सगळ्यांना सारखी, कारण मोठी देणगी आली की तिच्याबरोबर घराण्याचा इतिहासही छापायला येतो. प्रत्येक कार्यक्रमाचं एक पान लिहिलंच पाहिजे. कुणी सांगितलं, वय काय, कुठे बसून, कोणत्या तारखेला. व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलेलं म्हणजे लिहिलेलं नव्हे, वही लागते. त्या वहीची झेरॉक्स दर दिवाळीला शाळेत ठेव.

दहा-बारा पानं झाली की वही घेऊन माझ्याकडे ये. मग आपण बसून ठरवू, कोणत्या पानासाठी कोणता वक्ता बोलवायचा. त्याला पत्र पाठवताना ते पानही जोडू, म्हणजे तो तुमच्या गावावरच बोलेल.

कळावे.

तुझे सर

ता. क. तहसील कचेरीत कोतवाल बुकाच्या, म्हणजे गाव नमुना 14 च्या, जुन्या जन्म-मृत्यू नोंदी विचारून पाहा. 1918 च्या इन्फ्लुएन्झाची पानं मिळाली तर आधी ती बघ. नक्कल काढायला अर्ज लागतो, त्यावर कोर्ट फी स्टॅम्प लावायला विसरू नकोस.