आईला मधुमेह आहे, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) १०.४ आहे, तीन आठवडे खोकला आहे. टीबी गोल्ड ही रक्ताची टेस्ट निगेटिव्ह आली म्हणजे टीबी नाही ना?

नाही, असं धरून चालू नका. एचबीए१सी १०.४, तीन आठवड्यांचा खोकला, आणि हातात काय तर टीबी गोल्डचा कागद! खोकणाऱ्या पेशंटला ही टेस्ट लिहायची सवय काही सुटत नाही. आपल्यासारख्या देशांत फुप्फुसाच्या टीबीचं निदान आयजीआरएवर (टीबी गोल्ड त्यातलीच एक) करू नका, हे डब्ल्यूएचओने २०११ सालीच सांगितलंय. ही टेस्ट जंतू शोधतच नाही. रोगाशी लढणाऱ्या टी पेशींची जंतूशी ओळख झालीय का, एवढंच बघते.

मधुमेहाचं म्हणाल तर साखर बरेच दिवस चढलेली असली की टी पेशींपुढे जंतूचे तुकडे मांडणाऱ्या पेशी मंदावतात आणि टी पेशी सोडतात ते गॅमा इंटरफेरॉन, जे ही टेस्ट मोजते, कमी पडू शकतं.

रिपोर्टवरचा 'निगेटिव्ह' सोडा, खालचे आकडे वाचा. नळ्या चार: करडी निल (तुलनेसाठी, जंतूचे तुकडे नसलेली), हिरवी टीबी१ आणि पिवळी टीबी२ (जंतूचे तुकडे असलेल्या), जांभळी माइटोजेन. टीबीच्या कुठल्याही नळीतून निल वजा जाता ०.३५ किंवा जास्त, आणि निलच्या निदान २५ टक्के, तर पॉझिटिव्ह. ०.३० असेल तर तो काठावरचा आकडा. पुन्हा केली तर पलीकडेही जाईल. आईच्या बाबतीत आधी जांभळी बघा. तिच्यातलं द्रव्य कुठल्याही धडधाकट टी पेशीला चेतवतं. तिथेच निल वजा जाता ०.५ पेक्षा कमी आणि टीबीच्या नळ्याही गप्प, तर तो रिपोर्ट इंडिटर्मिनेट, म्हणजे निकाल लागलाच नाही. त्याला निगेटिव्ह म्हणायचं नाही. आणि जांभळी छान आली तरी टीबीपुरता प्रतिसाद कमजोर असू शकतो.

सगळं खापर साखरेवर फोडू नका, बराचसा घोळ रक्त घेतानाच होतो. प्रतिजन (टी पेशींना चेतवणारं द्रव्य) नळीच्या आतल्या भिंतीवर सुकवलेलं असतं. प्रत्येक नळीत १ मिली रक्त, ०.८ ते १.२ चालतं. मग दहा वेळा हलवायचं, आतली सगळी भिंत रक्ताने माखली पाहिजे. हळूच दोनदा उलटी केलेली नळी कामाची नाही, आणि कॉकटेलसारखी घुसळलेलीही नाही. १६ तासांच्या आत ३७ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये, तिथे १६ ते २४ तास. कलेक्शनवाला मुलगा बाकीच्या सँपलांबरोबर याही नळ्या आइसपॅकच्या डब्यात टाकतो, तिथे टेस्ट संपली. इन्क्युबेशनआधी या नळ्या थंड करायच्या नसतात.

मांटू (हातावर सुई देऊन करायची टीबीची त्वचेची टेस्ट) करून घ्या असं कोणी सुचवेल. तिथेही तेच दुखणं, वर बीसीजीच्या लसीमुळे होणारा गोंधळ. लाली मोजू नका, ४८ ते ७२ तासांनी हाताला लागणारा टणकपणा आडवा मोजा. मधुमेहात १० मिमी धरतात.

आईला आता हवी थुंकीची सीबीनॅट किंवा ट्रूनॅट (थुंकीत प्रत्यक्ष जंतू शोधणाऱ्या टेस्ट), सरकारी केंद्रात मोफत होते, आणि छातीचा एक्स-रे. मधुमेहींत डाग फुप्फुसाच्या खालच्या भागातही असतात, तेव्हा 'वर काही नाही' एवढ्यावर परत येऊ नका.

एक राहिलं. मधुमेहात टीबी गोल्ड चालतच नाही, असं मी म्हणत नाही. काही अभ्यासांत प्रतिसाद घटलेला दिसतो, काहींत फरकच नाही. घरात टीबीचा पेशंट असताना प्रतिबंधक औषध द्यायचं का, हे ठरवायला ती उपयोगी आहे. आई स्टेरॉइडवर किंवा डायलिसिसवर असेल तर निगेटिव्हवरचा भरवसा आणखी कमी करा. आणि थुंकी सकाळची, खोल खोकून काढलेली द्या; डबीत नुसती लाळ गेली तर तोही रिपोर्ट निगेटिव्हच येईल.