एमडीएफ कापताना डोळे चुरचुरतात. एन-९५ मास्क लावला तर फॉर्मल्डिहाइडपासून बचाव होतो का?

नाही होत. एमडीएफ म्हणजे लाकडाचे तंतू रेझिनने (चिकट ग्लूने) चिकटवून दाबलेला बोर्ड, आणि त्या रेझिनमधून फॉर्मल्डिहाइड सुटतं. एन-९५ धूळ अडवतो, वायू अडवत नाही. फॉर्मल्डिहाइड उणे १९ अंश सेल्सिअसलाच उकळतं. वर्कशॉपच्या हवेत ते वायूरूपातच असतं आणि मास्कमधून श्वासाबरोबर आत जातं. तरी मास्क काढू नका, कारण लाकडाची धूळही कर्करोगकारक आहे. पण 'मास्क वाटले, आमचं काम संपलं' हा मालकांचा युक्तिवाद मला अजिबात मान्य नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही कापण्याबद्दल विचारलंत. तुमच्याकडे विनिअरचा (लाकडाचा पातळ थर बोर्डवर गरम दाबून चिकटवायचा) हॉट प्रेस किंवा ॲसिड हार्डनरवर, म्हणजे आम्ल घालून, सुकणारं लॅकर असेल, तर आधी तिकडे बघा. युरिया-फॉर्मल्डिहाइड ग्लू साधारण ९० ते १२० अंशांवर दाबला जातो. प्रेसच्या प्लेट मिटलेल्या असताना वायू बराचसा आत अडकून राहतो. प्लेट उघडली की तो वाफेबरोबर एकदम बाहेर पडतो, आणि नेमक्या त्याच क्षणी कामगार शीट काढायला पुढे वाकतो. मग त्या गरम शीटची थप्पी त्याच्याच शेजारी रचली जाते आणि निवेपर्यंत वायू सोडत राहते. म्हणून हुड, म्हणजे हवा ओढून घेणारं एक्झॉस्टचं तोंड, प्रेसच्या उघडणाऱ्या कडेला हवा आणि थप्पीची जागाही एक्झॉस्टखाली हवी. प्लेट उघडल्यावर वाफ ओढली जाईपर्यंत कोणी वाकायचं नाही.

ग्लू पक्का करायला त्यात घालतात त्या हार्डनरचंही तसंच. लवकर सेट व्हावं म्हणून मापापेक्षा जास्त अमोनियम क्लोराइड टाकतात. ते फॉर्मल्डिहाइडशी अभिक्रिया करून आम्ल तयार करतं आणि त्या आम्लानेच रेझिन पक्कं होतं. जास्तीचं आम्ल मात्र जोडात तसंच राहतं. दमट हवेत ते रेझिनचे बंध परत तोडतं आणि तयार फर्निचर पुढे कितीतरी दिवस वायू सोडत बसतं. हार्डनर वजन करूनच घ्या, अंदाजाने नको.

आता हुडचं अंतर, जे हमखास चुकतं. ३० × ३० सेंटीमीटर तोंडाचा, कडेला पट्टी नसलेला हुड घ्या आणि वायू सुटतो तिथे हवेचा वेग सेकंदाला अर्धा मीटर हवा असं धरा. हुड १५ सेंटीमीटरवर असेल तर तासाला सुमारे ५७० घनमीटर हवा ओढावी लागते, ३० वर सुमारे १,८००, आणि ६० वर साडेसहा हजारांच्या वर. 'मोटर कमी पडते' अशी तक्रार असते तिथे आधी हुड जवळ आणून बघा. समोरच्या भिंतीवरचा पंखा तर उलट नुकसान करतो, कारण प्रेसवरची हवा तो कामगारांच्या तोंडावरून ओढत नेतो.

डस्ट कलेक्टरची पिशवी धूळ धरते, वायू नाही. गाळलेली हवा परत आतच सोडत असाल तर वायूही आतच फिरतो. त्याचं तोंड बाहेर काढा. पातं बोथट झालं की एमडीएफ तापतं, कड काळी पडते आणि रेझिनमधून जास्त वायू सुटतो. काळी कड दिसली की पातं बदला. हे सोपं आहे, त्यावर जास्त लिहीत नाही.

'आमच्याकडे मर्यादेच्या आतच आहे' हेही ऐकवलं जातं. कुठल्या मर्यादेच्या? आठ तासांच्या सरासरीसाठी अमेरिकेतल्या ओशाची (कामगार सुरक्षेची सरकारी संस्था) कायदेशीर मर्यादा ०.७५ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) आहे, युरोपीय संघाची ०.३, आणि अमेरिकेतल्याच नायॉश या कामगार आरोग्य संशोधन संस्थेची दहा तासांपर्यंतच्या सरासरीसाठी शिफारस ०.०१६. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये फॉर्मल्डिहाइडला पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत टाकलं. वासावर तर मुळीच विसंबू नका, नाकाला थोड्या वेळात सवय होते. स्वस्त मीटर अल्कोहोल आणि थिनरच्या वाफेलाही आकडा दाखवतात, त्यामुळे पॉलिशच्या खोलीत ते निरुपयोगी. डीएनपीएच (फॉर्मल्डिहाइड पकडून ठेवणारं रसायन) लावलेली नळी कामगाराच्या कॉलरला अडकवून पाळीभराचा एक नमुना घ्या, प्रेस उघडतानाचा १५ मिनिटांचा दुसरा घ्या, आणि दोन्ही प्रयोगशाळेत द्या.

हुड बसेपर्यंत मास्क लागणारच असेल, तर त्याच्या कार्ट्रिजवर (मास्कला लावायची वायू शोषणारी डबी) फॉर्मल्डिहाइडचं नाव छापलेलं असलं पाहिजे. कार्ट्रिजमधला साधा कोळसा हा वायू नीट धरून ठेवत नाही. डोळे चुरचुरत असतील तर पूर्ण चेहरा झाकणारा मास्क घ्या, अर्धा नको. दाढी असेल तर कड बसत नाही. कार्ट्रिज वास येईपर्यंत वापरू नका, ठरलेल्या तासांनी बदला.

एक राहिलं. फॉर्मल्डिहाइड न घालता बनवलेल्या काही बोर्डांत आयसोसायनेट नावाच्या रसायनाचा ग्लू असतो. तयार बोर्ड कापायला तो बरा, पण तोच ग्लू स्वतः वापरणार असाल तर दम्याचा धोका आहे, त्यालाही हुड लागतोच. आणि ज्याची कातडी फॉर्मल्डिहाइडने एकदा उठली, त्याला पुढे थोडंसंही सोसत नाही. त्याला प्रेसवरून हलवा, हातमोजे बदलून तिथेच ठेवू नका.