चाळीस प्राध्यापकांना मेल करूनही उन्हाळी संशोधनासाठी उत्तर का येत नाही?

तुम्ही बीएस्सी दुसऱ्या वर्षाला आहात, चाळीस जणांना मेल केलात आणि एकाचंही उत्तर नाही. माझ्या मते, चाळीस जणांना एकच मेल गेला तिथेच घोळ झाला. ‘आय ॲम हायली मोटिव्हेटेड’ हे वाक्य सरांनी त्या सकाळी आधीच तीनदा वाचलेलं असतं.

पाच-सहा लॅब निवडा. प्रत्येकीचा एक ताजा पेपर घ्या. सगळा कळणार नाही, पण आकृत्या आणि पद्धतींचा भाग नीट वाचा. मेल १५० शब्दांत बसवा: तुम्हाला काय येतं, कोणत्या तारखेपासून किती आठवडे मोकळे आहात, राहायची सोय आहे का आणि त्या पेपरातल्या एखाद्या आकृतीबद्दल एक नेमका प्रश्न. दहा दिवसांनी एकदाच आठवण करा. जानेवारीतच सुरुवात केलेली बरी. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांच्या (IASc, INSA, NASI) दोन महिन्यांच्या समर फेलोशिपचा अर्ज तर त्याच्याही आधी पाहून ठेवा.

जागा मिळाली की लक्षात ठेवा, आठ आठवड्यांत खरं काम चारच आठवडे होतं. बाकीचे ओळखपत्र, हात बसणं आणि रिपोर्ट यांत जातात. ‘कॅन्सरवर काम’ मागू नका, जो छोटा तुकडा देतील तो घ्या. रोज शिकवणार पीएचडीची ताई किंवा दादा. सर आठवड्यातून अर्धा तास भेटले तरी पुष्कळ.

जीवशास्त्राची लॅब असेल तर आधी मायक्रोपिपेटवर (अगदी थोडा द्रव मोजून उचलणारं, बटणाचं साधन) हात बसवा. १००० मायक्रोलिटर पाणी दहा वेळा तराजूवर सोडा. दरवेळी साधारण १ ग्रॅम भरायला हवं. जास्त भरलं तर पाणी ओढताना तुम्ही बटण दुसऱ्या टप्प्यापर्यंत दाबताय. कमी भरलं तर अंगठा झटकन सुटतोय आणि टिपमध्ये हवा शिरतेय. हे राहून गेलं की पुढे पीसीआर (डीएनएच्या एखाद्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढायची पद्धत) बिघडतो आणि शिव्या बिचाऱ्या प्रायमरला (कोणत्या तुकड्याच्या प्रती काढायच्या ते ठरवणारे डीएनएचे छोटे धागे) बसतात. डीएनएऐवजी पाणी घातलेली एक नळी दर वेळी लावा. जेलवर तपासताना तिचीही पट्टी (डीएनए असल्याची खूण) उमटली, तर कुठून तरी नको तो डीएनए मिसळलाय; मग त्या दिवशीच्या बाकी पट्ट्या कितीही सुंदर दिसोत, जमेस धरू नका. आणि ते ताईला त्याच दिवशी सांगा, सातव्या आठवड्यात नको.

वहीत ‘कालसारखंच केलं’ असं लिहू नका, आकडे लिहा. नळ्यांवर नाव-तारीख झाकणावर आणि बाजूला, दोन्हीकडे टाका. मार्करची शाई इथेनॉलने पुसली जाते, आणि तुम्ही गेल्यावर फ्रीझरमधल्या बिननावाच्या नळ्या थेट कचऱ्यात जातात.